फासळीवरची चांदणी

मुबारक तडवीने यावल रोडवरच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातून
रंगीत छापून आणली एक बोट.
अठरा पानं. सूचना कुठल्याशा परक्या भाषेत,
अक्षरांना शेपट्या, काहींच्या डोक्यावर टिंबं.
आम्हाला कळले ते आकडे, बाण
आणि कात्रीचं चित्र.

मी बाइंडर. एकतीस वर्षं रेल्वेची रजिस्टरं बांधली,
गार्डांच्या सह्या, डब्यांचे नंबर, उशिराची कारणं
जाड दोऱ्याने शिवली.
बोट पाहिली ती हतनूरच्या पाण्यात,
मासेवाल्याची, डांबर फासलेली.
तरी म्हटलं, कागदच आहे ना,
कागदाला मी ओळखतो.

पहिली बोट आठ दिवसांत बसली.
बसली म्हणजे खालीच बसली.
फासळ्या मऊ, पोट आत,
आणि एका दुपारी कूलरची ओल पिऊन
कणा केळीच्या पानासारखा मधोमध मोडला.
मुबारक काही बोलला नाही.
तुकडे वेचता वेचता म्हणाला,
"काका, ह्या चांदण्या कायच्या?"

फासळ्यांच्या आकड्याशेजारी एक चांदणी.
कण्याशेजारी दोन.
मी चष्मा पुसला.
जन्मभर हेडक्लार्क कोपऱ्यात अशीच खूण करून
पाठवायचे माझ्याकडे: इथे जाड लाव.
तो तिकडचा माणूस तेच सांगत होता
आणि मी, बाइंडर, नुसती नक्षी समजलो.

मग पोराला आधी कागद वाकवायला शिकवलं.
ज्या अंगाने मुकाट वळतो, ती त्याची नस.
ज्या अंगाने कुरकुरतो, ती आडवी.
एक थर उभा, एक आडवा, तिसरा पुन्हा उभा.
एकाच बाजूने लावशील तर पापडासारखा वळेल,
दुसरी बाजूही तेवढीच ओली कर.

पुठ्ठा-पुठ्ठा जोडायला मैद्याची खळ,
झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद.
छापील पानाला खळ नाही, शाई रडते.
त्याला फेविकॉल, जुन्या सीझन पासच्या कडेने ओढून
इतका पातळ की खालचा आकडा वाचता यावा.
मधून सुरू कर, कडेला संपव.
आत राहिलेला बुडबुडा वर्षभर गप्प बसतो,
मग बोलतो.

पण वैशाख. भुसावळ.
फेविकॉल ब्रशवरच मरायचा.
कूलर लावावा तर पान फुगायचं.
म्हणून पहाटे चारला, पंखासुद्धा बंद,
यार्डात मालगाड्या एकमेकींना धडकत असताना
घाम कागदावर पडू नये म्हणून
कपाळाला रुमाल बांधून आम्ही जोडायचो.
वर पाटा, पाट्यावर भंगारातली फिशप्लेट.
मुबारक दर तासाला कोपरा उचलून बघायचा.
बघू नको रे, मी सांगायचो,
बघितलेलं चिकटत नाही.

फासळ्यांना पुठ्ठा मुदत संपलेल्या रजिस्टरांचा.
कापताना अकरा नंबरच्या फासळीवर
निळ्या शाईत कोणाचा तरी हात दिसला:
बोदवड, सिग्नल नाही, बावीस मिनिटे.
मी ती बाजू आत घेतली.
वरून करडी कातडी चढली, खिडक्या, नांगर, झेंडा.
आता कोणाला दिसणार नाही,
पण बोट त्या बावीस मिनिटांवर उभी आहे.

टिचकी मारली तर फळीसारखी वाजते.
डावीकडे दोन सूत झुकलीय,
ते माझ्या हाताचं, कागदाचं नाही.

आणि शेवटच्या पानावर
एका नखाएवढ्या तुकड्याशेजारी तीन चांदण्या आहेत.
तो कुठे बसतो, बाण कुठेच सांगत नाही.
मुबारक म्हणतो, राहू द्या काका,
झाली की बोट.

मी उभा-आडवा-उभा लावलाय.
पाट्याखाली आहे.
उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.